पेशीच्या उंबऱ्यावर: ग्लुकोजची वाहतूक आणि डोके-मानेचा कॅन्सर

प्रस्तावना

घरात कोणाला तोंडाचा कॅन्सर निघाला, की पहिला बदल स्वयंपाकघरात होतो. चहातली साखर बंद होते, भात अर्ध्यावर येतो, केळी-चिकू वर्ज्य ठरतात. ‘कॅन्सर साखरेवर वाढतो’ हे कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलेले असते, कोणी एखाद्या व्याख्यानात ऐकलेले असते. रुग्णाला आधीच घास गिळवत नाही, आणि त्याच्या ताटातून जे थोडे पोटात जाऊ शकले असते तेही काढून घेतले जाते. हे सगळे मायेपोटीच चालते, म्हणून कोणाला बोलताही येत नाही.

त्या वाक्यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच ते इतके टिकून आहे. कॅन्सरच्या बहुतेक पेशी निरोगी पेशींपेक्षा कितीतरी जास्त ग्लुकोज ओढून घेतात, हे शंभर वर्षांपासून माहीत आहे. मात्र रक्तात साखर जास्त झाली म्हणून त्या ती ओढत नाहीत. त्यांनी आपल्या आवरणावर ग्लुकोज आत घेणारी दारे वाढवून ठेवलेली असतात आणि आत आलेले ग्लुकोज लगेच अडकवून ठेवण्याची सोयही केलेली असते. रक्तातली साखर काटेकोर मर्यादेत असली तरी ही ओढ चालूच राहते. या पुस्तकाचे म्हणणे एवढेच आहे: साखरेच्या या ओढीचा उपयोग रोग शोधण्यासाठी, त्याचा स्वभाव ओळखण्यासाठी आणि उपचार आखण्यासाठी करायचा आहे. रुग्णाला उपाशी ठेवण्याचे समर्थन त्यातून निघत नाही.

विषय नीट कळावा म्हणून आधी रोगाकडे पाहू. डोके-मानेचा कॅन्सर म्हटले की अनेकांना मेंदूची गाठ आठवते. ती यात मोडत नाही. ओठ, जीभ, गालाची आतली बाजू, हिरड्या, टाळू, टॉन्सिल, घसा, स्वरयंत्र, नाक आणि नाकाभोवतीच्या पोकळ्या एवढा हा प्रदेश. इथले दहापैकी नऊ कॅन्सर आतल्या अस्तराच्या चपट्या, म्हणजे स्क्वेमस पेशींपासून होतात. ‘ग्लोबोकॅन’ या जागतिक कॅन्सर-आकडेवारीच्या २०२२च्या अंदाजानुसार ओठ व तोंडाच्या कॅन्सरचे जगात वर्षाला सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण होतात आणि त्यांपैकी सुमारे १ लाख ४३ हजार एकट्या भारतात. भारतीय पुरुषांमध्ये हाच कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे.

पश्चिम युरोप आणि अमेरिकेत गेल्या काही दशकांत टॉन्सिल व जिभेच्या मुळाचे कॅन्सर वाढले. त्यांमागे बहुतांशी एचपीव्ही हा विषाणू आहे. आपल्याकडचा रोग वेगळ्या जागी बसतो. तंबाखूचा बार जिथे धरला जातो तिथे, म्हणजे गाल आणि खालची हिरडी यांच्या खोबणीत. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले. विदर्भात खर्रा, इतरत्र मावा आणि गुटखा, कोकणात व घाटावर बायकांची मशेरी. नावे बदलतात, गालात राहणारा ऐवज तोच. राज्यात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे आणि पानटपरीवर मागणाऱ्याला तो अजून मिळतो. सुपारी तर तंबाखूशिवायही कॅन्सरकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्ये स्पष्ट केले आहे.

हा तपशील इथे मुद्दाम दिला आहे. ग्लुकोजच्या वाहतुकीवरचे बरेच संशोधन परदेशातील रुग्णांवर झालेले आहे, आणि विषाणूमुळे झालेली टॉन्सिलची गाठ व खर्ऱ्यामुळे झालेली गालाची गाठ या दोन्हींचा चयापचय एकसारखा असेलच असे नाही. पुढची प्रकरणे वाचताना ‘हे कोणत्या रुग्णांत दिसले?’ हा प्रश्न वाचकाने सतत जवळ ठेवावा.

आता पेशीच्या दाराकडे. ग्लुकोज पाण्यात सहज विरघळते. पेशीचे आवरण स्निग्ध असते. त्यामुळे ग्लुकोजला ते आवरण स्वतःच्या बळावर ओलांडणे जवळपास अशक्य असते. त्यासाठी आवरणात रुतलेली खास प्रथिने लागतात. त्यांतले सर्वांत अभ्यासलेले प्रथिन म्हणजे ग्लट-१. लाल रक्तपेशीत या प्रथिनामुळे ग्लुकोजचा प्रवेश सुमारे ५० हजार पटींनी वेगवान होतो. या प्रथिनाचा जनुक १९८५मध्ये अमेरिकेत हार्वे लोडिश यांच्या प्रयोगशाळेत माइक म्यूक्लर आणि सहकाऱ्यांनी वेगळा केला, तोही यकृताच्या कॅन्सरपासून वाढवलेल्या पेशींमधून. ४९२ अमिनो आम्लांची ही साखळी आवरणातून बारा वेळा आरपार जाते. २०१४मध्ये चीनच्या चिंग्ह्वा विद्यापीठात निएंग यान यांच्या गटाने मानवी ग्लट-१ची त्रिमितीय रचना उलगडली. हे प्रथिन एका वेळी एकाच बाजूला उघडते: बाहेरच्या बाजूने ग्लुकोज घेते, आपला आकार बदलते आणि आतल्या बाजूला सोडते. त्यासाठी ऊर्जा खर्च होत नाही. ग्लुकोज जिथे जास्त तिथून जिथे कमी तिकडे जाते, इतकेच.

माणसात या कुटुंबाचे चौदा सदस्य आहेत आणि प्रत्येकाची नेमणूक ठरलेली आहे. ग्लट-१ लाल रक्तपेशींत आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत भरपूर असतो. ग्लट-३ चेतापेशींत असतो. रक्तातले ग्लुकोज कमी झाले तरी तो ते खेचू शकतो. ग्लट-४ स्नायू आणि चरबीत असतो व इन्सुलिनचा सांगावा आल्यावरच आवरणावर येतो. मधुमेहाची बरीचशी कथा त्याच्याभोवती फिरते. याशिवाय एसजीएलटी नावाचे दुसरे कुटुंब आहे. ते सोडियमच्या जोडीने ग्लुकोज आत ओढते, आणि बाहेर ग्लुकोज कमी असले तरी ओढते. जुलाब झाल्यावर आपण मीठ आणि साखर एकत्र घालून पाणी देतो ते या कुटुंबातल्या, आतड्यात असणाऱ्या एसजीएलटी-१ या प्रथिनाच्या भरवशावर. मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या मूत्रपिंडातला त्याचा भाऊबंद रोखतात.

आत आलेले ग्लुकोज परत बाहेर जाऊ नये म्हणून हेक्झोकायनेज नावाचे विकर त्याला फॉस्फेट जोडते. फॉस्फेट लागलेल्या ग्लुकोजला दारातून परत जाता येत नाही. आतले मोकळे ग्लुकोज कमीच राहते आणि बाहेरून नवे येत राहते. म्हणून पेशी किती ग्लुकोज घेणार हे ठरवताना दोन गोष्टी पाहायच्या: आवरणावर दारे किती, आणि आत हेक्झोकायनेजचा वेग किती. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये अनेकदा दोन्ही वाढलेले असतात. ग्लट-१ तर वाढतोच, काही गाठींत एरवी चेतापेशींत दिसणारा ग्लट-३ही दिसतो.

या सगळ्याचा पहिला सुगावा बर्लिनमध्ये ओटो वॉरबर्ग यांना १९२०च्या दशकात लागला. उंदरांच्या गाठींचे पातळ काप काचेच्या भांड्यात ठेवून ते किती ऑक्सिजन वापरतात आणि किती लॅक्टिक आम्ल तयार करतात हे त्यांनी मोजले. ऑक्सिजन मुबलक असूनही गाठीचे काप ग्लुकोजचे लॅक्टिक आम्ल करत होते. एरवी स्नायू असे करतात ते ऑक्सिजन अपुरा पडल्यावर. वॉरबर्ग यांनी पुढे निष्कर्ष काढला, की पेशीची श्वसनयंत्रणा कायमची बिघडते आणि तेच कॅन्सरचे मूळ. हा निष्कर्ष टिकला नाही. बहुतेक गाठींत श्वसनाचे काम करणाऱ्या मायटोकाँड्रिया व्यवस्थित चालतात. वॉरबर्ग यांना १९३१चे नोबेल मिळाले तेही श्वसनविकराच्या शोधासाठी, कॅन्सरवरच्या कामासाठी नव्हे. ‘साखरेने कॅन्सर होतो हे सिद्ध करून नोबेल मिळवले’ असा जो मजकूर फिरतो, त्याला आधार नाही. निरीक्षण मात्र पक्के निघाले आणि आज ते ‘वॉरबर्ग परिणाम’ म्हणून ओळखले जाते.

हिशेबाने पाहिले तर हा व्यवहार तोट्याचा दिसतो. ग्लुकोजचा एक रेणू ऑक्सिजनच्या मदतीने पूर्ण जाळला तर एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जा-चलनाचे, सुमारे तीस रेणू मिळतात. लॅक्टिक आम्लापर्यंतच नेला तर फक्त दोन. मग पेशी असे का करते? उत्तराचा एक भाग वेगात आहे आणि दुसरा बांधकामात. झपाट्याने दुभंगणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच कच्चा माल लागतो: नव्या डीएनएसाठी रायबोज, नव्या आवरणासाठी स्निग्धांश, प्रथिनांसाठी अमिनो आम्ले. ग्लुकोजच्या विघटनाच्या वाटेवरून हा माल जागोजागी बाहेर काढता येतो. त्याच वाटेच्या एका फाट्यावर एनएडीपीएच तयार होते आणि ते पेशीला घातक ऑक्सिडीकरणापासून वाचवते. किरणोपचार पेशीला मारतात ते मोठ्या प्रमाणात अशाच ऑक्सिडीकरणातून; म्हणजे ग्लुकोजची ही रेलचेल उपचारालाही आडवी येऊ शकते.

दारे वाढतात कशी? पहिले कारण ऑक्सिजनचा तुटवडा. थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५मध्ये फुप्फुसाच्या गाठींचे काप पाहताना नोंदवले, की रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याइतक्या अंतराच्या आतच जिवंत पेशी संपतात आणि मेलेला भाग सुरू होतो. त्या सीमेवरच्या पेशी गुदमरत जगतात. अशा वेळी त्यांच्यात एचआयएफ-१ नावाचे प्रथिन साठते आणि ते ग्लट-१सह अनेक जनुकांना कामाला लावते. पेशीला ऑक्सिजन कमी झाल्याचे कळते कसे, या शोधाबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९चे नोबेल मिळाले. आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. सुपारीने तोंडाचे अस्तर घट्ट होत जाते, तोंड उघडेनासे होते, पुढे दोन बोटेही आत जात नाहीत. सबम्युकस फायब्रोसिस नावाच्या या अवस्थेत अस्तराखाली तंतू साचतात, रक्तवाहिन्या दबतात, आणि अशा अस्तरात एचआयएफ-१ वाढलेले आढळले आहे. गाठ व्हायच्या आधीच ती जागा ऑक्सिजनला महाग झालेली असते.

दुसरे कारण जनुकांतले बदल. डोके-मानेच्या बहुतेक गाठींत ईजीएफआर हे वाढीचा संदेश घेणारे प्रथिन जास्त असते. त्याच्यापुढची पीआय३के–एकेटी ही साखळी जागी झाली की ग्लट-१ पेशीच्या पोटातून आवरणावर जास्त प्रमाणात येतो. कॅन्सर पेशींवरील २००८च्या प्रयोगांत तर ईजीएफआर एसजीएलटी-१ला आधार देऊन टिकवून धरतो, असे दिसले. टीपी५३ हा जनुक शाबूत असेल तर ग्लट-१ला आळा घालतो. तंबाखूशी निगडित गाठींत बहुधा तोच बिघडलेला असतो. कॅन्सरवर संशोधन करणारे खारघरचे अ‍ॅक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधील कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यक जीनोमिक्स संस्था यांच्या सहभागाने गाल व हिरडीच्या कॅन्सरचा जो जनुकीय नकाशा २०१३मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही टीपी५३ ठळकपणे होता.

हे सगळे डोळ्यांनी पाहायचे तर पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत जावे लागते. जिभेच्या गाठीचा तुकडा मेणात बसवून त्याचा चार-पाच मायक्रॉन जाडीचा काप काचेवर घेतात आणि ग्लट-१ला चिकटणारे प्रतिपिंड त्यावर सोडतात. जिथे ग्लट-१ असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. पेशींची केंद्रके निळी दिसतात. अनुभवी नजर आधी गाठीकडे वळत नाही. ती काचेवर एखादी रक्तवाहिनी शोधते आणि तिच्यातल्या लाल पेशी तपकिरी झाल्या आहेत का ते पाहते. त्या झाल्या असतील तर रंग नीट चढला आहे. नसतील तर ती काच बाद. मग निरोगी अस्तर पाहायचे: तिथे तपकिरी रेषा तळाच्या एक-दोन थरांतच असते, वरचे थर फिके. पेशी बिघडू लागल्या, पण कॅन्सर झालेला नाही अशा ठिकाणी हा रंग वरच्या थरांकडे चढत जातो. प्रत्यक्ष गाठीत पेशींचे पुंजके दिसतात, प्रत्येक पेशीभोवती तपकिरी कड. काही पुंजक्यांत रंग बाहेरच्या कडेला गडद असतो, तर काहींत आत, मेलेल्या भागाच्या लगत. दुसऱ्या प्रकारात गुदमरलेल्या पेशींनी आपली दारे वाढवल्याची खूण सरळ दिसते.

ग्लट-१ जास्त असलेल्या रुग्णांची वाटचाल एकंदरीत बिकट असते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तरी बायोप्सीच्या नेहमीच्या रिपोर्टात ग्लट-१चा रकाना नसतो. रंग किती म्हणजे ‘जास्त’ यावर प्रयोगशाळांचे एकमत नाही, आणि दार आवरणावर आहे याचा अर्थ त्यातून तेवढी ये-जा होतेच असाही नाही.

ये-जा मोजायची तर जिवंत माणसात मोजावी लागते, आणि तिथे पेट स्कॅन येतो. ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरिन बसवला की एफडीजी तयार होते. दाराला ते ग्लुकोजच वाटते, हेक्झोकायनेज त्याला फॉस्फेटही लावते, पण पुढची पायरी घडत नाही. एफडीजी आत अडकून पडते आणि कॅमेऱ्याला दिसते. १९७६मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तात्सुओ इदो, आल्फ्रेड वुल्फ आणि सहकाऱ्यांनी ते बनवले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियात ते पहिल्यांदा माणसाला टोचले गेले. या फ्लोरिनचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे असल्याने तो बनवणारा सायक्लोट्रॉन फार दूर असून चालत नाही. भारतात ही सोय सर्वप्रथम २००२मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाली.

पेट स्कॅनच्या आधी दिल्या जाणाऱ्या सूचना रुग्णांना जाचक वाटतात. ग्लुकोजची वाहतूक समजली की त्यांचा अर्थ लागतो. चार ते सहा तास उपाशी राहायचे, कारण जेवल्यावर इन्सुलिन वाढते, स्नायूंतला ग्लट-४ आवरणावर येतो आणि एफडीजी गाठीऐवजी स्नायूंत जाते. रक्तातली साखर साधारण २०० मिलिग्रॅमच्या खाली हवी, कारण खरे ग्लुकोज जास्त असेल तर ते एफडीजीशी दारातच स्पर्धा करते. आदल्या दिवशी व्यायाम नको. टोचल्यावर तासभर मंद उजेडाच्या खोलीत, पांघरूण घेऊन पडून राहायचे. थंडी वाजली तर मानेतली तपकिरी चरबी ग्लुकोज ओढू लागते. डोके-मानेच्या रुग्णाला आणखी दोन गोष्टी सांगतात: काही चघळायचे नाही आणि बोलायचे नाही. त्या तासात फोनवर गप्पा मारल्या तर स्वरयंत्राचे स्नायू चित्रात उजळतात. एक स्वरतंतू लुळा पडलेला असेल तर दुसऱ्यावर जादा काम पडते आणि निरोगी तंतूच उजळ दिसतो. ही गोष्ट ठाऊक नसलेला, चित्र वाचणारा डॉक्टर नेमक्या चुकीच्या बाजूला रोग समजतो.

उजळले म्हणजे कॅन्सर, हा समजही इथेच सोडलेला बरा. सूज आलेल्या जागी धावून आलेल्या पांढऱ्या पेशीही ग्लुकोज भरपूर घेतात. क्षयाच्या गाठी मानेत सर्रास आढळणाऱ्या आपल्या देशात ही अडचण मोठी आहे. उजळलेल्या गाठीतून सुईने नमुना घेतल्याशिवाय निर्णय करू नये. किरणोपचारानंतर सूज ओसरायला वेळ लागतो, म्हणून त्यानंतरचा पेट स्कॅन साधारण १२ आठवड्यांनी करतात. उलट बाजूने, काही मिलिमीटरचा कॅन्सर पेटमध्ये दिसतच नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी केलेली चाचणी २०१५मध्ये प्रसिद्ध झाली. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेत गाठ लागत नसतानाही मुख्य शस्त्रक्रियेसोबतच मानेतल्या लसीका ग्रंथी काढल्या, तर तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ८० टक्के होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात ते ६७.५ टक्के. न दिसणाऱ्या कॅन्सरचे वजन या आकड्यांतून कळते.

याच्या जोडीला ब्रिटनमधली २०१६ची पेट-नेक चाचणी वाचावी. ५६४ रुग्णांपैकी निम्म्यांची मान किरणोपचार-केमोच्या उपचाराला जोडून ठरल्याप्रमाणे उघडायची आणि निम्म्यांची पेट स्कॅनवर शंका आली तरच. पहिल्या गटात २२१ शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्यात ५४, आणि दोन वर्षांनी जगण्याच्या प्रमाणात पेटचा गट मागे पडला नाही. अनेक माणसांची मान सुरीपासून वाचली ती ग्लुकोजच्या वाहतुकीवर विसंबून. मात्र त्या चाचणीतले बहुतेक रुग्ण घशाचे आणि एचपीव्हीचे होते. हिरडी-गालाच्या रुग्णाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

रोगाचा स्वभाव ओळखण्यातही हीच वाट उपयोगी पडते. जर्मनीत १९९७मध्ये डोके-मानेच्या गाठींतले लॅक्टेट मोजले गेले, तेव्हा जास्त लॅक्टेटच्या गाठी जास्त पसरलेल्या आढळल्या. ३९७ गाठींत सुईसारख्या इलेक्ट्रोडने ऑक्सिजन मोजून २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित अभ्यासात कमी ऑक्सिजनच्या गाठी किरणोपचारांना कमी दाद देतात, हे दिसले. डेन्मार्कमध्ये म्हणूनच किरणोपचारांसोबत निमोरॅझोल देतात. ते गुदमरलेल्या पेशींत ऑक्सिजनची उणीव काही अंशी भरून काढते. किरणोपचार चालू असताना बिडी-सिगारेट ओढणारा रुग्ण मात्र रक्तातला ऑक्सिजन कमी करून या साऱ्याच्या उलट काम करत असतो.

मग दारेच बंद का करू नयेत? प्रयत्न चालू आहेत. ग्लट-१ला अडवणारी बीएवाय-८७६सारखी रसायने प्रयोगशाळेत परिणामकारक दिसतात, पण कॅन्सरसाठी ग्लट-१रोधक म्हणून मान्यता मिळालेले एकही औषध आज नाही. कारण उघड आहे: मेंदूला ग्लुकोज पोहोचते ते याच दारातून. १९९१मध्ये डी व्हिवो आणि सहकाऱ्यांनी दोन बाळांची नोंद केली. त्यांना झटके येत होते. रक्तातली साखर ठीक, पण मेंदूभोवतीच्या द्रवात ती कमी होती. दोष ग्लट-१मध्ये होता. कॅन्सरसाठी हे दार बंद करताना मेंदूचे दार उघडे ठेवायचे, हा पेच अजून सुटलेला नाही.

दुसरा मार्ग म्हणजे आत खोटे ग्लुकोज पाठवणे. टू-डीजी हा एफडीजीचा बिनकिरणोत्सारी भाऊ. दिल्लीच्या ‘इन्मास’ या संरक्षण संशोधन संस्थेत मेंदूच्या गाठींवरील किरणोपचारांना जोड म्हणून त्याचा अभ्यास कित्येक वर्षे झाला होता. मे २०२१मध्ये त्याच टू-डीजीची पुडी कोविडसाठी आणीबाणीच्या परवानगीने बाजारात आली, तेव्हा तिची कॅन्सरमधली जुनी ओळख फार थोड्यांना माहीत होती. कॅन्सरमध्ये ते अजून नित्याच्या उपचारात आलेले नाही.

गाठीत कॅन्सरच्याच पेशी असतात असे नाही, हेही विसरून चालत नाही. तिथे लढायला आलेल्या टी-पेशींनाही ग्लुकोज लागते. ते त्यांना कमी पडले तर त्या मंदावतात. उंदरांवरील २०२१च्या प्रयोगांत तर प्रत्येक पेशीमागे सर्वाधिक ग्लुकोज काही पांढऱ्या पेशीच घेत असल्याचे आढळले, कॅन्सरच्या पेशी नव्हे. म्हणजे सरसकट ग्लुकोज तोडणाऱ्या औषधाने आपल्याच सैन्याची रसद तुटण्याचा धोका आहे.

आता ताटाबद्दल शेवटचे आणि स्पष्ट. साखर सोडली म्हणून रक्तातले ग्लुकोज संपत नाही. यकृत ते बनवतच राहते आणि उपाशी माणसात त्यासाठी स्नायू झिजतात. रुग्णाचे वजन उतरते आणि गाठीला तिचे ग्लुकोज मिळतच राहते. किरणोपचाराच्या वेळी चेहऱ्यावर बसवलेला साच्याचा मास्क वजन घटले की सैल होतो, आणि नियोजन पुन्हा करावे लागू शकते. म्हणून या रुग्णाला खाऊ घालणे हा उपचाराचाच भाग आहे: मऊ भात, खिमट, नाचणीचे सत्त्व, अंडे, दूध, गरज पडली तर नाकातली नळी. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवायचीच, ती मधुमेहासाठी. कीटोसारख्या आहाराने हा कॅन्सर बरा होतो याला आज पुरावा नाही.

हे पुस्तक विद्यार्थ्यांसाठी, कान-नाक-घसा व दातांच्या डॉक्टरांसाठी आणि फाइल हातात धरून रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांसाठी लिहिले आहे. पहिल्या भागात वाहतुकीची प्रथिने, दुसऱ्यात पेट आणि निदान, तिसऱ्यात उपचार आणि आहार असा क्रम आहे. नातेवाइकांनी तिसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी काही बिघडत नाही.

एक विनंती सर्वच वाचकांना आहे. तोंडात तीन आठवडे न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, पूर्वीइतके न उघडणारे तोंड किंवा मानेत लागणारी गाठ असेल, तर दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी सांगितले तर बायोप्सी करून घ्या. बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही. तो पसरतो उशीर केल्याने.